वरची तुकडी

३ जुलै

ताई,

पोचलो. सामान कोपऱ्यात लावलं, अंथरूण घातलं आणि पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसलो. नाहीतर तू आईसमोर "बघ, विसरला तुझा लाडका" म्हणायला मोकळी. फोन दारातच काढून घेतला. रखवालदारानं त्याला चिकटपट्टी लावली, तिच्यावर नंबर टाकला आणि पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. परीक्षा होईपर्यंत आता पत्रंच. हा क्लास चालवणाऱ्या सरांचं म्हणणं, पत्रं लिहिली की निबंधाचा हात सुधारतो.

ही इमारत म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला मोठ्या काचा आहेत, त्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत. कपाटांवर अजून किमतीच्या चिठ्ठ्या लटकतात. मी झोपतो त्या पलंगावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलंय, त्यामुळे निर्धास्त आहे.

सकाळी शब्द, दुपारी गणित, संध्याकाळी संगणकावर पूर्ण परीक्षा. ही परीक्षा कशी असते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. म्हणजे प्रश्न सोपे यायला लागले की समजायचं, आपलं काही खरं नाही. मागच्या दोन्ही वेळा तसंच झालं. एक सोपा प्रश्न आला, तळहात ओले झाले आणि मग येत होतं तेही आठवेना.

यंदा तसं होऊन चालणार नाही. पुलांच्या कंपनांवर काम करणाऱ्या, परदेशातल्या त्या प्राध्यापक बाईंनी स्पष्ट कळवलंय, की गुण आले तर माझी जागा डिसेंबरपर्यंत धरून ठेवतील. पुढे त्यांचाही नाइलाज. बाबा गेल्यापासून तू घर ओढतेस आणि मी पुस्तकात डोकं घालून बसतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

पाकीट उघडंच द्यायचं असतं. सर चुका तपासून मग टपालात टाकतात. लाल शाई दिसली तर घाबरू नकोस.

तुझा,
पोपट


११ जुलै

पोपटराव,

पत्र पोचलं. 'निर्धास्त'खाली लाल रेघ, 'अवघड'भोवती लाल गोल आणि शेवटी 'ठीक' असा शेरा. भावाचं पत्र वाचतेय की तपासलेली उत्तरपत्रिका, तेच कळेना. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, "शिस्त आहे हो तिथे!" तिला शिस्त म्हटलं की सगळं पटतं. मी म्हटलं, दुकानाच्या काचांना वर्तमानपत्रं लावली की आमच्या बाजारात त्याला दिवाळं निघालं म्हणतात.

इथे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात माझं काच घासणं चालूच आहे. नवं यंत्र आलंय, पण मालकांचा त्याच्यावर विश्वास नाही. यंत्रातून निघालेली काच ते पुन्हा माझ्या हातात देतात आणि "एकदा बघ गं" म्हणतात. मी बघते, ठीक आहे म्हणते, मग त्यांना अन्न गोड लागतं.

लहानपणी पाढे धडाधड म्हणायचास म्हणून तुला पोपट म्हणायला लागलो. आता एवढ्या मोठ्या परीक्षेत तुझा पोपट होऊ नये, एवढीच माझी इच्छा. ही ओळ सरांनी खुशाल लाल करावी.

जेवण बरं मिळतं का, ते लिहिलं नाहीस. आईनं विचारलंय. मला पडलेली नाही.

ताई


२८ जुलै

ताई,

बातमी आहे. मला वरच्या तुकडीत घेतलं!

वरच्या मजल्यावर आम्ही मोजकेच. जेवण चांगलं, खोलीत पंखा, फी माफ. सरांनी मला बोलावून विचारलं, "घरच्या सरावात तुझे गुण उत्तम आणि खऱ्या परीक्षेत घसरतात, का?" मी म्हटलं, भीती वाटते. ते हसले. म्हणाले, "भीती परीक्षेची नसते. स्वतःच्या नावाची असते. नाव तुझं, म्हणून अपयश तुझं. दुसऱ्याच्या नावानं बसून बघ, हात थरथरणार नाही."

म्हणून वरच्या तुकडीत प्रत्येकाला एक नाव मिळतं. मला मिळालं ते एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. तो खरा आहे की सरांनी रचलेला, देव जाणे. त्याची जन्मतारीख, शाळा, आईचं माहेर, सही, सगळं पाठ. पाठांतरात आपण कुणाला ऐकतो होय? पडद्यावर ते नाव टाकायचं आणि सोडवायला लागायचं.

आणि ताई, खरंच झालं! प्रश्न अवघड होत गेले, होत गेले, शेवटपर्यंत अवघडच राहिले. तळहात कोरडे. असे गुण मला आयुष्यात पडले नव्हते. वाटलं, हा व्यापाऱ्याचा पोरगा माझ्यापेक्षा किती हुशार आहे!

अजून एक नियम गमतीचा आहे. वर सगळ्यांनी एकमेकांना त्या नावानं आणि अहो-जाहो करायचं. कालपर्यंत जो "अरे, सरक की" म्हणायचा तो आता "आपण जरा सरकता का?" म्हणतो. सरांच्या मते अरे-तुरे चालू राहिलं की माणूस स्वतःचं नाव सोडत नाही. पहिल्या दिवशी हसून पोट दुखलं. आता सवय झाली.

जेवण छान आहे, आईला सांग.

पोपट


६ ऑगस्ट

पोपटा,

आईनं शेजारीपाजारी जाहीर केलंय, की मुलगा वरच्या तुकडीत गेला. कुठल्या वरच्या, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

गुण चांगले पडले याचा आनंद आहे. तरी माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. मागच्या आठवड्यात आमच्याकडे दोन गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची अदलाबदल झाली. एक मास्तर आणि एक बेकरीवाला. दोघेही तसेच वापरत राहिले. मास्तर जिन्यात पडले तेव्हा घोळ लक्षात आला. आणि बेकरीवाला चष्मा परत द्यायला तयार नाही. म्हणतो, "ह्यातून पाव मोठे दिसतात." तुझं पत्र वाचताना मला तो बेकरीवाला आठवला. हसू नकोस.

मला साधं सांग. सराव दुसऱ्याच्या नावानं होईल, पण खरी परीक्षा तुझ्या नावानं आहे ना? तिची तारीख घेतलीस का? पहिल्या पत्रात नव्हती, दुसऱ्यातही नाही. आणि सरांना फी माफ करण्याएवढा तुझा पुळका का आला?

तुझी चौकस बहीण


३० ऑगस्ट

ताई,

उशीर झाला, माफ करा. म्हणजे, कर. बघ, हे असं होतं. दिवसभर अहो-जाहो करून तोंडाला तेच वळण पडतं.

मोठा सराव झाला. आम्हाला बसनं ▇▇▇▇▇ला नेलं. आदल्या दिवशी न्हाव्याला बोलावून माझे केस कापले, भांग उजवीकडे पाडला. एक चष्मा दिला, काळ्या जाड काड्यांचा. नंबर नाही, साधी काच. सर म्हणाले, त्यानं गांभीर्य येतं. तिथे सगळं अगदी खऱ्यासारखं उभं केलं होतं. अनोळखी मुलं, अनोळखी पर्यवेक्षक. खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या. पाण्याच्या बाटलीवरचा कागदसुद्धा काढायला लावला. फोटो काढला. एका काचेवर तळहात ठेवायला लावला, काच चांगलीच गार होती. मग नाव विचारलं. मी पाठ केलेलं नाव सांगितलं, सही केली आणि आत जाऊन बसलो.

पेपर फार चांगला गेला. परत आल्यावर सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता मुलाखतीची तयारी आहे, तीही त्याच नावानं, म्हणजे आत्मविश्वास टिकून राहील.

माझी स्वतःची तारीख सर बघत आहेत. घाई करू नये असं त्यांचं मत आहे. मला ते योग्य वाटतं. आपली व आईची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.

पोपट


५ सप्टेंबर

पोपटा,

हे पत्र आधी सर वाचणार, म्हणून पहिला नमस्कार त्यांना. सर, मी ह्याची थोरली बहीण. ह्याला शी-शूपासून मी वाढवलाय, तेव्हा ह्याच्या पत्रातलं 'आपली प्रकृती' कुणाचं आहे ते मला कळतं.

आता तुझ्याशी.

तुझ्या पत्रातलं शहराचं नाव कुणीतरी काळ्या शाईनं पूर्ण बुजवलंय. शुद्धलेखनाची चूक असती तर लाल शाईनं दुरुस्त केली असती. तू आजवर सरावासाठी बसनं कुठल्या शहरात गेला होतास? सरावाला कुणी खिसे उलटे करायला लावतं? तुझे डोळे ठणठणीत आहेत, मी स्वतः तपासलेत. आमच्या दुकानात नंबर नसलेला चष्मा नाटकवाले नेतात. दुसरं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

बाळा, तो सराव नव्हता. त्या व्यापाऱ्याचा मुलगा खरा आहे आणि तू त्याची परीक्षा देऊन आलास.

मला भीती वाटतेय. हे मी चेष्टेत लिहीत नाही. फोन मागून घे. देत नसतील तर फोन सोड, अंगावरच्या कपड्यांनिशी नीघ आणि घरी ये. आईला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून वरच्या तुकडीच्या कौतुकात आहे.

पत्र मिळाल्याचं एका ओळीनं कळव.

ताई


२२ सप्टेंबर

पोपटा,

तुझी एक ओळसुद्धा नाही. तिथला दूरध्वनी कुणी उचलत नाही.

काल दुपारी दुकानात दोन गृहस्थ आले. कपडे चांगले, बोलणं गोड. एकानं बराच वेळ फ्रेम्स लावून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "आमच्या मुलासाठी हवाय, काळ्या काड्यांचा. नंबर नको. पहिला हरवला." मी विचारलं, मुलगा बरोबर नाही का, माप कसं घेऊ? तो म्हणाला, "माप तुम्हाला पाठ असेल. नाक तुमच्यासारखंच आहे."

माझ्या हातातली काच खाली पडली. मालक आतून धावत आले.

दुसरा जाताना म्हणाला, "मुलगा फार गुणी आहे. त्याचं मन विचलित होईल असं काही लिहू नका. तुमच्या आईंना आत्ता त्रास नको." आणि मला नमस्कार करून गेले, पाहुणे जातात तसे. मालक म्हणाले, "सभ्य माणसं दिसतात." घरी येऊन आईजवळ बसून राहिले. तिनं विचारलं, डोकं दुखतंय का? मी हो म्हटलं.

हे पत्र तुला देतील की नाही, माहीत नाही. तरी टाकते. तू जिथे असशील तिथे नीट राहा. मी पोलिसांत जाणार होते, पण मग वाटलं, त्यांनी आधी तुलाच पकडलं तर? काय करू ते सांग.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

ह्या पत्रावर लाल शाई नाही, हे आधी तुझ्या लक्षात येईल. मी बाहेर पडलो. धुलाईवाल्याच्या गाडीत चादरींच्या गठ्ठ्यांमागे बसून. कॉलेजातला जाड्या आठवतो ना, त्याच्या खोलीवर आहे. पाकिटावर त्याचा पत्ता आहे. फोन करत नाही. जाड्याचाही फोन वापरत नाही. का ते विचारू नकोस, मला आता सगळ्याच गोष्टींची भीती वाटते.

तुझी दोन्ही पत्रं मला दिली होती. सरांनी स्वतः वाचून दाखवली, सगळ्यांसमोर. 'शी-शूपासून' ह्या शब्दावर सगळे हसले. मीही हसलो. मग सर म्हणाले, "आता उत्तर लिहा," आणि मला काही लिहिता येईना. तीन वेळा कागद फाडला.

तुला खरं सांगतो. तो सराव नाही हे मला बसमध्येच कळलं होतं. गाडीत कुणीच गमतीनं बोलत नव्हतं. मी उतरू शकलो असतो, चहाला थांबलो होतो तिथे. नाही उतरलो. कारण मला ते तसं बसायला आवडायला लागलं होतं. तिकडे मी कुणीतरी वेगळा होतो, आणि त्या वेगळ्याला काहीच अडत नव्हतं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येतेय.

एक गोष्ट मात्र मी केली. माझ्या स्वतःच्या परीक्षेची तारीख जाड्याकडून भरून घेतली. १४ ऑक्टोबर. प्राध्यापक बाईंची मुदत अजून आहे. पण आता वाटतं, आधी पोलिसांत जाऊन सगळं सांगून टाकावं का? मग परीक्षेला बसू देतील का? मला सुचत नाही. तू सांगशील ते करीन.

पोपट


६ ऑक्टोबर

माझ्या पोपटा,

पत्र हातात पडलं तेव्हा दुकानात गिऱ्हाइकासमोर रडले. त्याला वाटलं, चष्म्याची किंमत सांगायला मला वाईट वाटतंय. त्यानं घासाघीसही केली नाही.

किळस वगैरे पुरे. चूक केलीस, मोठी केलीस. ती आपण निस्तरू. मी तुझ्याबरोबर येईन आणि पोलिसांसमोर तुझ्या शेजारी बसेन. पण आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. आधी पेपर, मग ताप. दहावीला तुझं अंग भाजत होतं तरी आईनं थर्मामीटर लपवून ठेवला होता आणि तू पेपर देऊन आल्यावर लावला. आताही तेच. आज पोलिसांत गेलास तर चौकशी, जबाब, तारखा, आणि डिसेंबर निघून जाईल. आधी १४ तारखेला स्वतःच्या नावानं बस. स्वतःच्या चेहऱ्यानं, भांग डावीकडे पाडून. बाहेर आलास की त्याच संध्याकाळी आपण दोघं जाऊन सगळं सांगू. मी १४ ला निघून दुपारपर्यंत तिथे पोचते.

प्रश्न सोपा आला तर घाबरायचं नाही. तो तुझा प्रश्न असेल. चुकला तरी तुझा असेल.

आईला एवढंच सांगितलंय, की परीक्षेची तारीख ठरली. ती तुझा शर्ट इस्त्री करून माझ्याबरोबर पाठवणार होती. मी म्हटलं, त्याच्याकडे आहेत शर्ट.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

हे मी परीक्षा केंद्राच्या मागच्या खोलीत बसून कच्च्या कामाच्या कागदावर लिहितोय. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंना माझी दया आली असावी. पेन त्यांनीच दिलं आणि पत्र टाकते म्हणाल्या. तू दुपारी येशील तेव्हा मी इथे असेन की नाही, ठाऊक नाही. त्यामुळे घरच्या पत्त्यावर पाठवतोय.

सकाळी रांगेत उभा होतो तेव्हा मी खूप दिवसांनी खूश होतो. माझं ओळखपत्र दाखवलं, माझं नाव सांगितलं, माझी सही केली. मग त्यांनी तळहात काचेवर ठेवायला सांगितला. ठेवला. पडद्यावर व्यापाऱ्याच्या मुलाचं नाव आलं. शेजारी माझा फोटो, चष्म्यातला.

पर्यवेक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही हेच ना? मग आज दुसऱ्याच्या नावावर का बसताय?"

ताई, त्यांना वाटलं, मी तो आहे आणि माझ्या जागी बसायला आलोय. मी माझाच तोतया ठरलो. मी ओळखपत्र पुढे केलं. ते म्हणाले, "कार्ड कुठेही छापून मिळतं. हात छापून मिळत नाही." मी ओरडलो, मी मीच आहे म्हणून. मग दोघांनी धरून इथे आणून बसवलं. मी आत्ता सगळं सांगितलं, सरांचं, तुकडीचं, बसचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लिहून मात्र कुणी घेतलं नाही.

पोलिसांना बोलवायचं की नाही ते मोठे साहेब ठरवणार आहेत. तोवर नोंदीत होता त्या नंबरावर त्यांनी फोन केला. आत्ता त्या बाई येऊन सांगून गेल्या, मला धीर यावा म्हणून. म्हणाल्या, "काळजी करू नका. तुमचे वडील निघालेत तुम्हाला न्यायला."

लवकर ये.


२ नोव्हेंबर

पोपटा,

हे पत्र मी त्या व्यापाऱ्याच्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. पत्ता टेबलावरच्या त्या बाईंनी चोरून दिला. त्याआधी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या.

गाडी उशिरा पोचली. मी केंद्रावर आले तेव्हा खोली रिकामी होती. वडील आले, कागद दाखवले, माफी मागितली, मुलाच्या मनावर अभ्यासाचा ताण आला आहे म्हणाले, सही केली आणि घेऊन गेले. मुलगा आरडाओरडा करत होता का, असं मी विचारलं. शिपाई म्हणाला, आधी करत होता, मग गप्प झाला. मोठ्या साहेबांनी नोंदवही पाहून मला सांगितलं, की तुमचा भाऊ परीक्षेला आलाच नाही. तुझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलंय.

पोलिसांत गेले. त्यांनी विचारलं, पळवून नेलेला मुलगा कोण? मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, नेला तो तर त्यांचाच मुलगा, हातावरून ओळख पटलीय. तुमचा मुलगा हरवला असेल तर वेगळी तक्रार द्या. दिली. फर्निचरच्या दुकानावरही गेले. काचांची वर्तमानपत्रं काढलीत, आत केर पडलाय, 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी आहे. जाड्या म्हणतो, त्याला ह्यात ओढू नका.

तळहाताचं तू मला ऑगस्टमध्येच लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं आणि तरी तुला म्हटलं, आधी पेपर. माझंच डोकं चाललं नाही, पोपटा. दिवसातून शंभरदा मला ते आठवतं.

हे तुझ्या हाती पडलं तर काहीही लिहून पाठव. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

ताई


१७ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. आपले २ तारखेचे पत्र पोचले. आपला काही गैरसमज झालेला दिसतो. आपण ज्यांना उद्देशून लिहिले आहे ते येथे राहत नाहीत. ह्या पत्त्यावर मी माझ्या आईवडिलांसह राहतो.

आपल्या बंधूंविषयी वाचून वाईट वाटले. ते परीक्षेला का आले नाहीत हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. काही जणांना अपयशाची भीती असते व ते घरच्यांना तोंड दाखवत नाहीत. आपण त्यांची वाट पाहू नये हे बरे.

मला परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाला असून महिनाअखेरीस प्रस्थान आहे. येथे माझी सर्व प्रकारे काळजी घेतली जाते. कृपया पुन्हा पत्र पाठवण्याचे कष्ट आपण घेऊ नयेत. आपल्या मातोश्रींना सांभाळावे.

आपला नम्र


२३ नोव्हेंबर

पोपटा,

अक्षर तुझं आहे. भाषा त्यांची आहे. मी ते पत्र दुकानात दिव्याखाली धरून किती वेळा वाचलं, ते मालकांना विचार. शेवटून दुसऱ्या ओळीत 'आपण'च्या आधी तू 'तू' लिहिलंयस आणि मग खोडलंयस, चांगलं गिरवून. मला तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र मला खात आहे. कुणी समोर बसून हे लिहून घेतलं, की तू आपणहून लिहिलंस? पहिलं असेल तर मी तुला ओढून आणीन. दुसरं असेल तर काय करायचं ते मला कळत नाही. तिकडे तुला काही अडत नाही म्हणाला होतास. आम्हा दोघींकडे परत आलास तर सगळंच अडणार आहे, कोर्ट, पोलीस, प्राध्यापक बाईंकडची जागा तर गेलीच. तरीही ये. नापास होऊन ये, बदनाम होऊन ये. आपल्या घरात कुणी पास नसलं तरी जेवायला वाढतात.

आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला आणायला तू जातेस की मी जाऊ?"

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. तुझ्या त्या घराच्या दारात उभी राहणार आणि "अरे पोपटा" म्हणून हाक मारणार. कोण व्यापारी, कोण वडील, मला देणंघेणं नाही. ओ दिलीस तर तसेच घरी येऊ. नाही दिलीस तर पुन्हा मारीन. माझा घसा तुला माहीत आहे.

ताई


शनिवार

ताई, येऊ नका.